हँडलवरचा नकाशा: घाट आणि खाड्यांच्या मुलखात सायकलसाठी जीपीएस

सायकलवर लांब पल्ल्याचा प्रवास करू लागलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा ‘कोणते यंत्र घेऊ’ असा असतो, आणि दुकानदारापासून सोबतच्या सायकलस्वारांपर्यंत सगळेच त्याला याच प्रश्नाचे उत्तर देत राहतात. या परीक्षणासाठी गार्मिनचे एज ५४० हे उपकरण, एक साधा अँड्रॉइड फोन आणि त्यावरची गूगल मॅप्स, राइड विथ जीपीएस, कोमूट, स्ट्राव्हा, ऑसमँड व ऑरगॅनिक मॅप्स ही अ‍ॅप्स विचारात घेतली आहेत. वाहू कंपनीचे बोल्ट आणि आयजीपीस्पोर्टचे स्वस्त उपकरण सोबत्यांच्या हँडलवर पाहिलेले आहे, त्यामुळे त्यांच्याबद्दल थोडक्यातच लिहीन. प्रदेश म्हणाल तर पुण्याभोवतीचे घाट आणि रेवस ते रेड्डी हा किनाऱ्याने जाणारा रस्ता. माझे मत आधीच सांगून टाकतो: रस्ता सापडण्याच्या कामात यंत्राचा क्रमांक तिसरा लागतो. पहिला क्रमांक घरी बसून आखलेल्या मार्गाचा आणि दुसरा त्या मार्गाच्या मुळाशी असलेल्या नकाशातील माहितीचा. यंत्राकडून अपेक्षा एवढीच की, आपण तयार केलेली रेषा त्याने भर उन्हात, पावसात आणि दिवस मावळल्यानंतरही न कुरकुरता दाखवावी.

नकाशाच्या माहितीपासूनच सुरुवात करू, कारण दुकानात या गोष्टीचा उल्लेख होत नाही. गूगलचा नकाशा सोडला तर वर नाव घेतलेली जवळजवळ सगळी साधने मार्ग शोधण्यासाठी ओपनस्ट्रीटमॅपवर अवलंबून आहेत. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या या मुक्त नकाशात जगभरचे स्वयंसेवक भर घालतात. गार्मिनचा सायकलसाठीचा नकाशाही याच माहितीवर उभा आहे. त्यामुळे एखाद्या वाडीकडे जाणारा रस्ता ओपनस्ट्रीटमॅपवर चुकीच्या दर्जाचा नोंदला गेला असेल, तर महागडे यंत्र आणि फुकटचे अ‍ॅप दोघेही एकाच इमानदारीने तुम्हाला चुकीच्या ठिकाणी नेतात. आपल्याकडचे असंख्य ग्रामीण रस्ते उपग्रहचित्र पाहून रेखाटलेले असतात. चित्रात रस्त्याची रेघ दिसते, पण तो डांबरी आहे, खडी अंथरून सोडून दिलेला आहे की नुसती बैलगाडीची वाट आहे, हे वरून कळत नाही. रस्त्याच्या पृष्ठभागाची नोंद नसेल तर मार्ग शोधणारी संगणकप्रणाली त्याच्या दर्जावरून अंदाज बांधते, आणि तो अंदाज युरोपातल्या रस्त्यांच्या अनुभवावर बेतलेला असतो. मंडणगड तालुक्यात एका अ‍ॅपने मला काही किलोमीटर वाचवून देणारा रस्ता सुचवला होता. तो रस्ता जांभ्या दगडाच्या उतरणीवरून खाली गेला आणि काजूच्या बागेच्या गडग्यापाशी संपला. गडग्यापलीकडे पायवाट होती, हे मान्य करायला हवे. नकाशा तेवढ्यापुरता खरा होता.

गूगलच्या नकाशाची गोष्ट वेगळी आहे. रस्ता सध्या बंद आहे का, पुढच्या गावात खाणावळ उघडी आहे का, पंक्चरचे दुकान कुठे आहे, या प्रश्नांना त्याच्याइतके उपयोगी उत्तर दुसरे कोणी देत नाही. परंतु तो मुळात मोटारीसाठी विचार करणारा नकाशा आहे. मोटारीचा पर्याय निवडून मुंबईहून पुण्याचा रस्ता विचारला तर तो साहजिकच द्रुतगती मार्गावर नेईल, आणि तिथे सायकलच काय, मोटारसायकललाही प्रवेश नाही. वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि २०२४ साली खुला झालेला अटल सेतू यांचीही तीच गत. २०१७ च्या अखेरीस गूगलने खास भारतासाठी दुचाकीचा पर्याय आणला, तेव्हापासून ही अडचण बरीच कमी झाली आहे, कारण दुचाकीला बंद असलेले मोठे रस्ते तो आपोआप टाळतो आणि बोरघाटातल्या जुन्या रस्त्याने नेतो. सायकलस्वाराने गूगल वापरायचेच असेल तर हाच पर्याय वापरावा. फक्त त्याने सांगितलेली वेळ इंजिनाच्या हिशेबाने असते, हे ध्यानात ठेवावे. पायी जाण्याचा पर्याय मात्र चुकूनही निवडू नये. तो पायऱ्या आणि शेताचे बांध यांनाही रस्ताच समजतो.

गूगलच्या दोन मर्यादा घाटात जाणवतात. एक म्हणजे नकाशाचा भाग आधी उतरवून ठेवला तरी नेटवर्क नसताना तो फक्त वाहनासाठीचे मार्गदर्शन करतो. दुसरी म्हणजे बाहेर तयार केलेली मार्गाची फाइल त्याच्यात घालून वळणावळणाने सूचना घेत जाण्याची सोय नाही. मार्गात मोजकेच थांबे घालता येतात, त्यामुळे ‘ताम्हिणीने उतरून निजामपूरवरून माणगाव, तिथून म्हसळ्याकडे, पण महामार्गाला शक्य तितके कमी लागून’ असला आपल्या मनातला मार्ग त्याच्या गळी उतरवणे कठीण जाते. त्याला जे सोयीचे वाटते ते तो सुचवतो, आणि आपण एक वळण चुकलो की नवाच बेत मांडून मोकळा होतो.

खरी परीक्षा किनाऱ्यावर होते. रेवसहून दक्षिणेला निघाले की मुरूडनंतर आगरदांडा ते दिघी, हरिहरेश्वरानंतर बागमांडला ते वेसवी, दापोली तालुक्यात दाभोळहून धोपावे आणि गुहागर तालुक्याच्या टोकाला तवसाळहून जयगड अशा खाड्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागतात. या खाड्यांवर पुलांच्या योजना आहेत. ते होईपर्यंत सागरी मार्ग हा रस्ता आणि बोट यांचा मिळूनच बनलेला आहे. बागमांडल्याची बोट टाळायची तर आंबेत-म्हाप्रळच्या पुलापर्यंत आत जाऊन यावे लागते, आणि दाभोळची बोट टाळायची तर चिपळूणला वळसा पडतो. म्हणजे बोट आहे की नाही, यावर सायकलस्वाराचा अख्खा दिवस ठरतो.

मार्ग शोधणाऱ्या साधनाच्या दृष्टीने फेरी ही नकाशावरची एक रेषा असते. ती रेषा दोन्ही काठांवरच्या जेट्टीच्या रस्त्याला नेमकी जोडलेली असली तरच प्रणाली तिचा उपयोग करते. जोड तुटलेली असेल तर तिच्या लेखी दोन किनाऱ्यांमध्ये पाण्याखेरीज काही नसते आणि ती मुकाट्याने वळसा सुचवते. बोटीला लागणारा वेळ नोंदलेला नसेल तर तोही अंदाजाने धरला जातो. शेवटची बोट किती वाजता सुटते, भरती-ओहोटीमुळे किंवा पावसाळी हवेमुळे ती आज बंद आहे का, हे यांपैकी एकाही साधनाला ठाऊक नसते. त्यामुळे किनाऱ्याचा मार्ग आखताना एक पद्धत मला पक्की उपयोगी वाटते: प्रत्येक खाडीपाशी मार्गाचे तुकडे करावेत. ‘मुरूड ते आगरदांडा जेट्टी’ ही एक फाइल, ‘दिघी ते बागमांडला जेट्टी’ ही दुसरी, अशी रचना केली की एखादी बोट बंद निघाली तरी बाकीचे तुकडे जसेच्या तसे वापरता येतात, आणि वळशाची एक फाइल जादा बनवून ठेवली की काम भागते. बोटीत बसल्यावर उपकरणावरची नोंद हाताने थांबवावी. बोट चालती असल्याने उपकरणाला आपण थांबलो आहोत असे वाटत नाही, ते इमाने इतबारे खाडीचे अंतरही आपल्या खात्यावर जमा करते, आणि ते अंतर पायांनी कापलेले नसते.

आता फोन हँडलवर लावावा की वेगळे उपकरण घ्यावे, या प्रश्नाकडे वळू. फोनच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पडदा मोठा, नकाशा सुरेख, गाव शोधणे सोपे, आणि तो आपल्याकडे असतोच. जीपीएसच्या अचूकतेतही तो मागे नाही. अमेरिकेच्या सरकारी माहितीनुसार मोकळ्या आकाशाखाली साधारण स्मार्टफोन सुमारे ४.९ मीटरच्या त्रिज्येत आपली जागा सांगतो, आणि रस्ता शोधण्याला एवढे पुरते. फोनला हँडल झेपत नाही ते ऊन, पाणी आणि बॅटरी या तीन कारणांनी. पडदा सतत पेटता ठेवला की बॅटरी झपाट्याने उतरते, उन्हात दिसावा म्हणून उजेड वाढवला की आणखी उतरते, आणि फोन तापला की तो स्वतःच उजेड कमी करतो, म्हणजे नेमका हवा तेव्हा नकाशा काळवंडतो. अ‍ॅपलने आयफोनच्या वापरासाठी सांगितलेली हवेच्या तापमानाची कमाल मर्यादा ३५ अंश सेल्सिअस आहे. पुण्यात एप्रिलच्या दुपारी ती सावलीतच ओलांडली जाते, मग डांबरी रस्त्यावर उन्हात तापलेल्या काळ्या फोनचे काय होत असेल ते सांगायला नको. पावसात उलटे दुखणे असते. पडद्यावर पडणारे थेंब बोटांसारखे वागतात, नकाशा आपोआप सरकतो, कधी भलतेच अ‍ॅप उघडते, आणि ओल्या हातमोज्याने खरी बोटे टेकवली तर ती मात्र ओळखली जात नाहीत. प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी लावली तर पाणी अडते, पण आत वाफ धरते आणि फोन आणखी तापतो.

याखेरीज एक साधी गोष्ट आहे. जंगलातल्या रस्त्यावर अपघात झाला, तर मदत मागण्याचे साधन फोनच असते. त्याची बॅटरी नकाशा दाखवण्यात संपवणे शहाणपणाचे नाही. फोन खिशात, पडदा बंद, आणि लागेल तेव्हाच बाहेर, ही त्याची योग्य जागा आहे. जवळचे फेरफटके मारणाऱ्याला, म्हणजे खडकवासला, सिंहगड पायथा किंवा दिवेघाटापर्यंत जाऊन दुपारच्या आत परतणाऱ्याला, वेगळ्या उपकरणाची मुळीच गरज नाही. कानात एका बाजूला आवाजी सूचना आणि खिशात फोन एवढ्यावर त्याचे उत्तम चालते.

एज ५४० हे उपकरण २०२३ साली बाजारात आले. त्याच्या पडद्याचा आकार २.६ इंच आणि त्यावरचे ठिपके २४६ गुणिले ३२२, म्हणजे फोनच्या तुलनेत नकाशा अगदीच जाडाभरडा दिसतो. दुकानात हातात घेतल्यावर ‘एवढ्या पैशांत एवढेच?’ असे वाटते. त्याचे मोल उन्हात कळते. हा पडदा बाहेरचा उजेड परावर्तित करतो, त्यामुळे ऊन जितके कडक तितका तो स्पष्ट दिसतो आणि त्यासाठी बॅटरी जळत नाही. स्पर्शाचा पडदा नाही, कडेला बटणे आहेत. पावसात आणि हातमोज्यांत हीच गोष्ट सर्वांत सुखाची ठरते. याच मालिकेतल्या एज ८४० मध्ये स्पर्शाचा पडदा आणि बटणे असे दोन्ही आहे आणि साठवण दुप्पट, म्हणजे ३२ जीबी आहे, पण नकाशासाठी ५४० चे १६ जीबी पुरतात आणि सह्याद्रीतल्या पावसाळ्याचा विचार करता जादा पैसे देण्याचे मला कारण दिसत नाही. पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा आयपीएक्स७ आहे, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ताम्हिणीचा जुलैमधला पाऊस तेवढ्यात बसतो. फक्त चार्जिंगचे रबरी झाकण नीट बसले आहे ना, हे पाहावे, आणि पावसात चालता चालता पॉवर बँक जोडू नये.

बॅटरीचा आकडा कंपनी २६ तास सांगते. या आकड्याचा अर्थ ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, करणाऱ्यांना लगेच कळेल. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २०, ४०० साठी २७ आणि ६०० साठी ४० तास अशी वेळेची मर्यादा असते. म्हणजे २०० आणि ३०० ला चार्जिंगची चिंता नको, ४०० ला शेवटच्या टप्प्यात धाकधूक, आणि ६०० ला रात्रीच्या मुक्कामी चार्जिंग आवश्यक. वाहू बोल्टच्या २०२१ सालच्या आवृत्तीचा जाहीर आकडा १५ तासांचा आहे, त्यामुळे तिच्या मालकाला ३०० लाच पॉवर बँक सोबत घ्यावी लागते. बोल्टची मांडणी मात्र गार्मिनपेक्षा सुटसुटीत आहे आणि बटणांनी नकाशा लहानमोठा करणे जास्त सोपे वाटते. अर्थात हे आकडे कंपन्यांचे आहेत. रात्री पडद्यामागचा दिवा लावला, हृदयगती आणि शक्ती मोजणारे सेन्सर जोडले, दोन फ्रिक्वेन्सींवर उपग्रह पकडण्याची व्यवस्था सतत चालू ठेवली, की ते खाली येतात.

त्या दोन फ्रिक्वेन्सींच्या व्यवस्थेचा घाटात फायदा आहे. उपग्रहाचा संदेश कातळकड्यावर आपटून उशिरा पोचतो, तेव्हा यंत्राला आपण रस्त्याच्या बाजूला दरीत आहोत असे वाटू लागते. दोन फ्रिक्वेन्सींमुळे असा परावर्तित संदेश वेगळा काढणे सोपे जाते. आंबेनळी किंवा वरंधच्या वळणांवर, जिथे रस्त्याचे दोन पदर एकमेकांच्या वर-खाली चिकटून जातात, तिथे आपण कोणत्या पदरावर आहोत हे ओळखायला ही अचूकता उपयोगी पडते. उघड्या पठारी रस्त्यावर ती बंद ठेवली तरी बिघडत नाही. खंबाटकीच्या बोगद्यात उपग्रहच दिसत नाहीत, तेव्हा चाकाला बसवलेला वेग मोजणारा सेन्सर असेल तर अंतर बरोबर मोजले जाते, नसेल तर यंत्र बोगद्याची दोन तोंडे सरळ रेषेने जोडून मोकळे होते.

चढ दाखवणाऱ्या सोयीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण उपकरण विकत घेण्याचे आपल्याकडचे खरे कारण पुष्कळदा तेच असते. ‘क्लाइंबप्रो’ नावाच्या या पानावर समोरचा चढ किती लांब, किती उंच, आणि पुढच्या टप्प्यात तो किती तीव्र आहे हे रंगांनी दिसते. ५४० मध्ये मार्ग आधी भरलेला नसला तरीही ही सोय चालते. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला सुमारे ४० किलोमीटरांत समुद्रसपाटीच्या जवळून १,३०० मीटरांच्या वर चढून जाताना ‘अजून किती’ या प्रश्नाचे उत्तर मिळणे हा मोठाच आधार असतो. परंतु त्या रंगांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. पुढच्या चढाची माहिती जमिनीच्या उंचीच्या तयार नमुन्यातून येते, आणि असे बरेच नमुने २००० सालच्या अंतराळयानातून झालेल्या रडार-मोजणीवर आधारलेले आहेत, ज्यात साधारण तीस मीटरांच्या चौकोनाला उंचीचा एक आकडा असतो. कड्याला खेटून खोदलेल्या घाटरस्त्यावर तीस मीटर बाजूला सरकले की एकीकडे कड्याचा माथा आणि दुसरीकडे दरी येते. त्यामुळे प्रत्यक्षात एकसारखा सहा टक्क्यांचा चढ आलेखावर करवतीच्या दात्यांसारखा दिसतो, मधूनच पंधरा टक्क्यांचा लाल पट्टा उगवतो आणि एकूण चढाई फुगते. रेवदंड्याच्या पुलावर याची गंमत दिसते: नमुन्याला पूल दिसत नाही, खाडीचे पाणी दिसते, म्हणून आलेखात तुम्ही पाण्यापर्यंत उतरून पुन्हा वर चढता.

प्रत्यक्ष चालताना मोजली जाणारी उंची यापेक्षा भरवशाची असते, कारण उपकरणात हवेचा दाब मोजणारा सेन्सर आहे. समुद्रसपाटीजवळ साधारण आठ-साडेआठ मीटर चढले की दाब एक हेक्टोपास्कलने घटतो. हे गणित हवा स्थिर असेल तोवर चोख असते. वादळी पावसाआधी दाबच उतरला, तर जागेवर उभे असलेले यंत्र आपण चढत आहोत असे समजते, आणि सेन्सरच्या बारीक छिद्रावर पाण्याचा थेंब बसला तर चढच नोंदला जात नाही. त्यामुळे एकाच सहलीनंतर दोन सोबत्यांच्या चढाईच्या आकड्यांत शंभर-दोनशे मीटरांचा फरक पडला तर वाद घालण्याचे कारण नाही. पडतोच.

उपकरणाच्या त्रुटीही सांगायला हव्यात. बटणांनी गावाचे नाव टाइप करणे हा छळ आहे; मार्ग घरी बनवूनच त्यात घालायला हवा. मार्ग सोडून आपण चहाच्या टपरीकडे वळलो की ते लगेच नवा मार्ग शोधू लागते, आणि त्याने शोधलेला मार्ग ओपनस्ट्रीटमॅपवरच्या कुठल्या बोळातून जाईल याचा नेम नसतो. ही सवय सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी, म्हणजे मार्ग सुटल्याची सूचना तेवढी मिळते आणि मूळ रेषा पडद्यावर कायम राहते. अपघात ओळखून घरच्यांना कळवण्याची आणि आपली जागा थेट दाखवत राहण्याची सोय जाहिरातीत ठळक असते, पण ती जोडलेल्या फोनच्या नेटवर्कवर चालते. ताम्हिणीच्या मधल्या पट्ट्यात फोनला रेंज नसेल तर यंत्र कोणालाही काही कळवू शकत नाही, हे घरी आधीच सांगून ठेवावे. आणि ही उपकरणे कंपनीच्या सर्व्हरशी किती बांधलेली आहेत, याची आठवण जुलै २०२० मध्ये सगळ्यांना झाली होती. गार्मिनवर सायबर हल्ला झाला आणि नोंदी व मार्ग ठेवणारी त्यांची गार्मिन कनेक्ट ही सेवा काही दिवस बंद पडली. उपकरणे रस्त्यावर चालत होती, पण फोनमार्गे नवा मार्ग त्यांत घालण्याची वाट बंद झाली होती. यूएसबीच्या तारेने फाइल थेट उपकरणात टाकता येते. ही पद्धत एकदा शिकून ठेवावी.

ज्यांना एवढा खर्च नको, त्यांच्यासाठी आयजीपीस्पोर्टच्या बीएससी२०० सारखी उपकरणे आहेत. त्यांत नकाशा नसतो. कोऱ्या पडद्यावर मार्गाची रेषा आणि आपला बाण एवढेच दिसते. मोकळ्या रस्त्यावर एवढ्यावर उत्तम भागते. अडचण येते ती गावात, जिथे एकाच नाक्यावरून पाच गल्ल्या फुटतात आणि रेषा नेमकी कोणत्या गल्लीत गेली आहे हे आजूबाजूचे रस्ते दिसल्याशिवाय समजत नाही. जाण्याचा आणि येण्याचा रस्ता एकच असेल किंवा मार्ग स्वतःलाच छेदत असेल, तर रेषांचा गुंता होतो. अशा वेळी जाण्याची आणि येण्याची फाइल वेगळी करावी. खिशातल्या फोनवर ऑसमँड असेल तर ही जोडी महागड्या उपकरणाच्या फारशी मागे राहत नाही, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी तीच सुचवेन.

मार्ग आखण्यासाठी माझी पसंती राइड विथ जीपीएसला आहे, आणि ती अ‍ॅपला नसून संगणकावरच्या त्याच्या आखणीच्या पानाला आहे. नकाशावर बिंदू टाकत जायचे, मार्ग मनाविरुद्ध वळला की तो भाग ओढून हव्या त्या रस्त्यावर आणायचा, उपग्रहचित्र लावून शंकास्पद तुकडा तपासायचा, आणि वळणांच्या यादीत ‘जेट्टी’, ‘शेवटचे पाणी’, ‘डावीकडे खाणावळ’ अशा स्वतःच्या नोंदी घालायच्या. या नोंदी उपकरणावर त्या त्या ठिकाणी उमटतात. ब्रेव्हेचे आयोजकही बहुधा मार्ग याच रूपात देतात. फाइल बाहेर काढताना मात्र एक गोष्ट पाहावी. जीपीएक्स ट्रॅक म्हणजे नुसती रेषा, तिच्यात वळणांच्या सूचना नसतात. टीसीएक्स किंवा फिट या प्रकारांत त्या सूचना सोबत जातात. ‘माझे यंत्र वळण सांगत नाही’ या तक्रारीचे मूळ बऱ्याचदा एवढेच असते.

कोमूट दिसायला सर्वांत देखणे आहे. मार्गाचा किती भाग डांबरी, किती कच्चा, हे ते पट्टीवर दाखवते, पण ती पट्टी ओपनस्ट्रीटमॅपच्या नोंदींवरून बनते, म्हणून जर्मनीत ती जितकी विश्वासाची तितकी खेड-दापोलीत नाही. मार्च २०२५ मध्ये बेंडिंग स्पून्स या इटालियन कंपनीने कोमूट विकत घेतले; पैसे भरण्याआधी त्यातली कोणती सोय कशात येते, हे ताजे पाहून घ्यावे. स्ट्राव्हावर मार्ग आखण्यासाठी वर्गणी लागते. तिचे समर्थन करणारी एक चीज तिथे आहे, ती म्हणजे हजारो लोकांच्या नोंदींतून तयार झालेला उष्णतानकाशा. पुणे-मुंबई परिसरात सायकलस्वार प्रत्यक्ष कोणत्या रस्त्याने जातात हे तो एका नजरेत सांगतो. नव्या कात्रज बोगद्याऐवजी लोक जुन्या घाटाने का जातात, हे त्यावर पाहताक्षणी समजते. आडवळणाच्या कोकणात मात्र तो फिका पडतो, कारण तिकडे नोंदीच विरळ आहेत. आणि आपले घर त्या नोंदींतून उघडे पडू नये म्हणून सुरुवातीचा व शेवटचा भाग झाकण्याची सोय लावून ठेवावी.

ऑसमँड आणि ऑरगॅनिक मॅप्स यांपैकी एक तरी फोनमध्ये असावेच, कारण दोन्ही नेटवर्कशिवाय पूर्ण चालतात. ऑरगॅनिक मॅप्स हलके, फुकट आणि समजायला सोपे आहे. ऑसमँडचा पसारा मोठा आहे, सेटिंगच्या जंगलात माणूस हरवतो, पण नकाशावरची नावे मराठीत पाहण्याची त्यात सोय आहे. गावच्या पाट्या, एसटीचे फलक आणि मैलाचे दगड देवनागरीत असताना पडद्यावर रोमन लिपीतले, कुठल्या तरी अमराठी स्वयंसेवकाने ऐकून लिहिलेले नाव ताडून पाहण्यात फार वेळ जातो. मैलाच्या दगडावरून आठवले: त्याच्या माथ्याचा रंग पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग आणि केशरी असेल तर ग्रामसडक. शांत रस्ता निवडला आहे असे नकाशा सांगत असताना पिवळे दगड दिसू लागले, तर थांबून पाहिलेले बरे.

नावांचा आणखी एक घोळ शोधताना होतो. ‘पाली’ असे टाकले तर बल्लाळेश्वराची रायगडातली पाली, हातखंब्याजवळची रत्नागिरीतली पाली आणि साताऱ्याकडची खंडोबाची पाल यांपैकी काहीही पुढे येऊ शकते. नांदगाव तर नाशिकात आहे, मुरूडजवळ आहे आणि कणकवलीजवळही आहे. नावाखाली तालुका दिसतो का हे पाहावे, नाहीतर नकाशावर हाताने बिंदू ठेवावा. मुक्कामाचे ठिकाण घरगुती असेल तर त्यांच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर जागेची खूण मागवून घ्यावी आणि ती निघण्यापूर्वीच उपकरणात जतन करावी, कारण संध्याकाळी वेळासला किंवा हेदवीला पोचल्यावर ती उघडायला नेटवर्क मिळेलच असे नाही.